झाकणावरचा लाल ठिपका

अंगणातल्या चार कचरापेट्यांपैकी दोन पेट्या नगरपालिकेची माणसं एके सकाळी उचलून घेऊन गेली. जाताना सांगून गेली, की गाडीही आता रोज येणार नाही, आठवड्यातून दोनदाच येईल. कचरा कमी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. तो कसा करायचा हे सांगायला त्यांना सवड नव्हती, कारण पुढच्या इमारतीच्या पेट्या अजून उचलायच्या होत्या.

पंधरवड्यात इमारतीची दैना उडाली. उरलेल्या दोन पेट्या ओसंडून वाहायला लागल्या, पिशव्यांचा ढीग जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत आला आणि उंदीर इतके माजले की तळमजल्यावरचा न्हावी दुकान उघडताना आधी शटरवर काठी आपटायचा आणि मगच कुलूप काढायचा. शेवटी अंगणात बैठक बसली. सगळे एकदम बोलले, कुणी कुणाचं ऐकलं नाही, आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली.

शिट्टीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या व्यायामाच्या शिक्षिका. एकट्या राहायच्या. शाळेने निरोपसमारंभात शाल दिली, ती त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली. शिट्टी मात्र स्वतःजवळ ठेवली. तोंडावर सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे, पाठीमागे शिट्टीबाई. बाई सरळ, शिस्तीची, आणि एकदा काम हातात घेतलं की ते तडीस नेल्याशिवाय पाणी न पिणारी.

त्यांनी बेत मांडला तो असा. प्रत्येक घराला सारख्या मापाची एक झाकणाची बादली. भाजीची देठं, सालं, उष्टं-खरकटं हा ओला कचरा ज्याचा त्याने घरात जिरवायचा. बाकीचा बादलीत. बादलीच्या आत रंगाने एक रेघ. गाडीच्या दिवशी बाई स्वतः अंगणात उभ्या राहणार. कचरा रेघेच्या खाली असला तर झाकणावर चिकटकागदाचा हिरवा ठिपका, रेघेला टेकला तर पिवळा, वर गेला तर लाल. आणि रिकामी बादली परत आपापल्या दाराबाहेर ठेवायची, म्हणजे जाता-येता सगळ्यांना दिसेल.

“आत काय आहे ते मी कुणाला विचारणार नाही,” बाई म्हणाल्या. “किती आहे एवढंच बघणार.”

पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवालीच्या बादलीवर लाल ठिपका बसला.

चष्मेवाली बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नंबराच्या काचा फ्रेमच्या मापाने घासून बसवायचं काम, म्हणून ते नाव पडलं. तिला स्वतःला चष्मा नव्हता. घरात ती, शीतगृहात पाळीने काम करणारा नवरा आणि सासरे. अशी तीनच माणसं, आणि बादली मात्र पाच माणसांच्या घरापेक्षा जड. समोरच्या वहिनींनी दोनदा लाल ठिपक्याकडे बघितलं, दोनदा तिच्याकडे, आणि “होईल हो हळूहळू,” असं म्हणून दार लावून घेतलं. त्या मायेने बोलल्या असतील, पण चष्मेवालीला ते झोंबलं.

कारण बादली कशाने भरते हे तिला ठाऊक होतं, आणि ते सांगायची सोय नव्हती.

सासऱ्यांना सगळी इमारत टेलरकाका म्हणायची. तळमजल्यावर आता न्हाव्याचं दुकान आहे, तिथे पूर्वी त्यांचं शिवणाचं दुकान होतं. इमारतीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी, कोट, शाळेचे गणवेश त्यांच्या हातून गेलेले. माणूस टापटिपीचा, घरातसुद्धा इस्त्रीचा सदरा. दीड वर्षापूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण लघवीवरचा ताबा गेला. डॉक्टरांनी व्यायाम दिले, गोळ्या दिल्या, धीर दिला, आणि शेवटी डायपर वापरा म्हणाले. दवाखान्यातून घरी आल्यावर टेलरकाकांनी मुलाला आणि सुनेला समोर बसवलं आणि एकच गोष्ट सांगितली. “हे या घराच्या बाहेर जाता कामा नये.”

ते बाहेर गेलं नाही. टेलरकाकाही गेले नाहीत. पाय दुखतात, असं सांगून त्यांनी जिना सोडला, लिफ्ट सोडली, न्हाव्याकडची दाढी सोडली. वापरलेले डायपर चष्मेवाली वर्तमानपत्रात गुंडाळायची, काळ्या पिशवीत घालून गाठ मारायची आणि रोज सकाळी पेटीत टाकून यायची. गाडी रोज यायची तोवर कुणाचं लक्षही गेलं नाही. आता तीच पिशवी तीन-तीन दिवस साठायची आणि बादली रेघेच्या वर घेऊन जायची.

तिने मनाशी ठरवलं, ते कमी होणार नसेल तर बाकी सगळं कमी करू. आणि मग ती पदर खोचूनच मागे लागली.

ओल्या कचऱ्यासाठी तिने गॅलरीत एक जाळीचा क्रेट ठेवला, त्यात सालं, देठं, चहाचा चोथा टाकायला लागली. आठ दिवसांत त्यातून असा वास सुटला की नवरा गॅलरीकडे पाठ करून जेवायला बसायला लागला. वर चिलटांचे ढग. दुकानात चष्मा करायला आलेल्या एका माळ्याला तिने विचारलं तेव्हा तो हसला. “ताई, नुसतं ओलंच घालताय. त्याला कोरडंही लागतं. वाळका पाला घाला, नाहीतर पुठ्ठ्याचे तुकडे. आणि अधूनमधून खालवर करा, कोंडलं की कुजतं.” तिने पुठ्ठा फाडून घातला, अंगणातला पाला भरून आणला. वास गेला, चिलटं गेली, आणि दोन महिन्यांनी तळाशी काळीभोर माती दिसायला लागली. ती तिने नवऱ्याच्या हातावर ठेवून त्याला हुंगायला लावली. “वास येतोय?” “मातीचा येतोय.” “मग आता गॅलरीकडे तोंड करून बसा जेवायला.”

अन्न टाकायचं नाही म्हणून तिने फ्रिजचा वरचा कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठरवून टाकला. कालचा भात, अर्धा कापलेला टोमॅटो, वाटीभर उरलेलं वरण, सगळं तिथे. दुसरं काही उघडायच्या आधी तिथे बघायचं. नवरा रात्रपाळीवरून आला की त्याच कप्प्यासमोर उभा राहून, “आज माझ्या नशिबात कोणकोण आहे?” असं विचारायचा. बाजारात ती कापडी पिशव्या आणि डबे घेऊन जायला लागली. दुकानदाराने एकदा कुरकुर केली, डब्याचं वजन आधी करावं लागतं म्हणून; पुढे त्याला सवय झाली. बाटलीतला साबण गेला, वडी आली. पुसायला कागदी रुमाल आणायची, ते बंद करून जुन्या चादरीचे चौकोन कापले. पाकिटातली बिस्किटं सुटी झाली. कपाटात अर्धवट वापरलेल्या शाम्पूच्या तीन बाटल्या सापडल्या, त्या संपेपर्यंत चौथी आणायची नाही, असं तिने जाहीर केलं. “मला एवढे केस तरी आहेत का?” नवरा म्हणाला.

बादली खरोखर हलकी झाली. तीनचतुर्थांश गोष्टी त्यातून नाहीशा झाल्या. पण उरलेली काळी पिशवी एकटीच रेघेच्या वर जायची. ठिपका लालच.

एका सकाळी लिफ्टमध्ये वहिनींच्या पाहुण्या बाईने विचारलं, “लाल ठिपकेवालं घर ते हेच का?” वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. चष्मेवाली हसून “हो, हेच,” म्हणाली, आणि त्या दिवशी दुकानात तिने एका माणसाच्या डाव्या डोळ्याची काच उजव्या बाजूला बसवली.

संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, “अहो, मी ती पिशवी उद्यापासून दुकानाकडे नेते. बाजारामागे मोठी पेटी आहे, तिथे कोण बघतंय?”

नवऱ्याला ते रुचलं नाही. “म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात?”

“मग काय करू? बाबांचं सांगू सगळ्यांना?”

तो गप्प बसला. गप्प बसला म्हणजे त्याने होकार दिला, असं तिने धरलं.

काळी पिशवी बसमध्ये नेली तर लोक बघतील, म्हणून तिने ती कापडदुकानाच्या एका चकचकीत कागदी पिशवीत ठेवली. आत एखादी भारी साडी असावी असं वाटण्यासारखी. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत झालं. दुसऱ्या खेपेला तिला बसायला जागा मिळाली, पिशवी तिने पायाशी ठेवली, विचारांच्या नादात थांबा आला तशी उतरली आणि चालायला लागली.

“अहो ताई! ताई! तुमची पिशवी!”

एक म्हातारे गृहस्थ तिच्यासाठी बसमधून उतरले होते. धापा टाकत ते तिच्यामागे आले, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. “राहिली होती. मऊ लागतंय काहीतरी आत. लोकर आहे वाटतं?”

“हो,” ती म्हणाली. “लोकर.”

“जपून न्या. आजकाल कोण परत देतंय?”

तिने त्यांचे आभार मानले. त्यांची बस निघून गेली होती. ते पुढच्या बससाठी थांब्यावर उभे राहिले आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिच्याकडे बघून हसत राहिले. पेटीत पिशवी टाकताना तिला स्वतःचीच शरम वाटली. पण त्या आठवड्यात झाकणावर हिरवा ठिपका बसला.

ठिपका लावताना शिट्टीबाईंनी बादली दोनदा उचलून बघितली आणि संध्याकाळी थेट घरीच आल्या. टेलरकाका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. बाईंनी त्यांना नमस्कार केला.

“टेलरकाका, तुमच्या सुनेने कमाल केली हो! लालवरून एकदम हिरवा! या इमारतीत दुसऱ्या कुणाला जमलं नाही. येत्या रविवारी बैठक आहे, तिथे हिने सगळ्यांना सांगायचं, काय काय केलं ते. मी ठरवूनच आले आहे.”

“बाई, मी कसली बोलणार?” चष्मेवाली म्हणाली.

“जे केलंस ते बोलणार. त्यात काय मोठंसं?” आणि बाई निघूनही गेल्या.

दार लागल्यावर टेलरकाकांनी मांडीवरची शाल बाजूला ठेवली. मग म्हणाले, “सूनबाई, लाल ठिपका म्हणजे काय?”

त्यांना ठिपक्यांचं काहीच माहीत नव्हतं. ते दाराबाहेर जातच नव्हते. तिने सांगितलं, जेवढं कमी शब्दांत सांगता येईल तेवढं.

“आणि आता हिरवा कसा झाला?”

“बरंच कमी केलं ना, बाबा. भाजीचं, साबणाचं...”

“मी शिंपी आहे,” ते म्हणाले. “एका बाजूने कापड कमी पडलं की ते कुठे गेलं हे मला कळतं. माझी पिशवी कुठे जाते?”

तिने सांगितलं. बसचं सांगितलं, म्हाताऱ्या गृहस्थांचंही सांगितलं. लोकर म्हटल्यावर ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत.

“माझी घाण पोटाशी धरून तू गावभर फिरतेस,” ते म्हणाले, “आणि मी इथे इस्त्रीचा सदरा घालून बसतो.”

“तुम्हीच म्हणाला होतात, बाहेर जाता कामा नये.”

“गोष्ट जाता कामा नये म्हणालो होतो. पिशवी घेऊन तू जा म्हणालो नव्हतो.” आवाज चढला तसा त्यांनी तो आवरला. “अगं, मला विचारायचंस तरी.”

“काय विचारणार होते? तुम्ही काय करणार होता?”

हे तिच्या तोंडून निघून गेलं. टेलरकाका उठले आणि त्यांनी कोपऱ्यातल्या शिवणयंत्रावरचं आच्छादन काढलं. ऑपरेशननंतर त्या यंत्राला कुणी हात लावला नव्हता. “जुने टॉवेल किती आहेत घरात?”

त्या दिवसापासून घरात वेगळंच काम सुरू झालं. टेलरकाकांनी एक न वापरलेला डायपर कात्रीने उभा कापला, त्याचे थर टेबलावर मांडले आणि एखादा परदेशी कोट उसवून बघावा तसा बघितला. आत ओलावा धरणारं काहीतरी, बाहेर पाणी न सोडणारं काहीतरी, कडेला लवचीक पट्टी. ओलावा धरायला त्यांनी झिजलेले टॉवेल घेतले, अंगाला लागेल तिथे मऊ फ्लॅनेलचा जुना सदरा, आणि बाहेरून काड्या मोडलेल्या छत्रीचं कापड. पहिला प्रयत्न फसला. घडी इतकी जाड झाली की ते खुर्चीत बसले तेव्हा गुडघे टेबलाला लागले. दुसऱ्याची कड शिवणीतून झिरपली. छत्रीच्या कापडाला सुईने भोकं पडतात हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तिसऱ्या वेळी त्यांनी शिवण वरच्या अंगाला घेतली, टॉवेलचा थर मध्ये जाड आणि कडेला पातळ केला, आणि दुपारभर तो वापरून बघितला. संध्याकाळी म्हणाले, “बसलं फिटिंग.”

“पण धुणार कोण?” नवऱ्याने विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. घरात धुणं कुणाच्या वाट्याला येतं हे तिघांनाही माहीत होतं.

“मी,” टेलरकाका म्हणाले. “बादली आहे, पाणी आहे, दोन हात धड आहेत. तू वाळत घालायचंस, माझा हात दोरीपर्यंत पोचत नाही. हिने यात बोटही लावायचं नाही.”

तसंच झालं. आधी गार पाण्यात बुडवून ठेवायचं, मग गरम पाण्यात, मग कडक उन्हात. रात्री मात्र कापड पुरं पडेना. दोनदा बिछाना भिजल्यावर रात्रीपुरता विकतचाच डायपर ठेवायचं ठरलं. दिवसाचे सगळे गेले, रात्रीचा एक उरला. नवऱ्याला पाणी जास्त जातंय याची काळजी वाटली, म्हणून धुण्याचं शेवटचं स्वच्छ पाणी संडासात ओतायला लागले. एवढं करून तीन दिवसांत बादलीतला कचरा रेघेला टेकला. म्हणजे पिवळा. बाजारामागच्या पेटीत न जाता मिळवलेला पिवळा.

पण त्या आठवड्यात गाडी दुसऱ्यांदा आलीच नाही, आणि रविवार आला तेव्हा दाराबाहेरच्या झाकणावर तो आधीचा हिरवा ठिपकाच होता, आणि बाईंनी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

निघताना टेलरकाका कपडे करून दाराशी उभे होते. “मीही येतो.”

“बाबा, पाय...”

“पायांना काही झालेलं नाही. तुला माहीत आहे.”

लिफ्टमध्ये ती म्हणाली, “मी तुमचं काही बोलणार नाही हं.” त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली.

अंगणात त्यांना बघून गलका झाला. न्हावी धावत येऊन खुर्ची देऊन गेला, कुणी पाया पडलं, कुणी तब्येत विचारली. शिट्टीबाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि चष्मेवालीला पुढे बोलावलं.

तिने आधी घसा साफ केला. मग माळ्याने सांगितलेलं सांगितलं, कोरडं आणि ओलं. फ्रिजचा कप्पा सांगितला. “आमच्या घरात कचरा मला वाटायचा तसा स्वयंपाकघरात होत नव्हता,” ती म्हणाली. “तो मी बाजारातूनच विकत आणत होते. वेष्टनं, बाटल्या, आणि लागेल त्याच्या दुप्पट भाजी.” लोक ऐकत होते. शाम्पूच्या तीन बाटल्यांवर हशा झाला, आणि नवऱ्याच्या डोक्याकडे सगळ्यांनी वळून बघितलं. इथपर्यंत ठीक होतं. बाई टाळी वाजवायला हात उचलणार तेवढ्यात ती म्हणाली, “पण माझा हिरवा ठिपका खरा नाही.”

बाईंचे हात तसेच राहिले.

“आमची एक पिशवी मी बाजारामागच्या पेटीत टाकून येत होते. म्हणून बादली हलकी झाली. आता नाही टाकत. पण हा ठिपका तेव्हाचा आहे.”

“कसली पिशवी?” मागून कुणीतरी विचारलं.

“घरातलीच,” ती म्हणाली. कुजबुज सुरू झाली. आणि टेलरकाका खुर्चीवरून उभे राहिले.

“पिशवी माझी,” ते म्हणाले. “इथल्या निम्म्या लोकांच्या कंबरेचं माप मला पाठ आहे. ते मी कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याचं बायकोलाही नाही. आज माझं स्वतःचं सांगतो. ऑपरेशननंतर मला लघवी धरवत नाही. डायपर लागतात. तुमची ती रेघ माझ्यामुळे ओलांडली जात होती, आणि मीच हिला तोंड उघडू नको म्हणून सांगितलं होतं. लाल ठिपका लावायचाच असेल तर तो मला लावा, दाराला नको.”

चष्मेवालीला कुठे बघावं ते कळेना, म्हणून तिने स्वतःच्या चपलांकडे बघितलं.

मग न्हावी खाकरला. “काका, आमच्या आईलाही लागतात,” तो म्हणाला. “वर्ष झालं. मी ते दुकानाच्या कचऱ्यात घालतो, केसांच्या खाली. दुकानाची बादली बाई मोजत नाहीत.”

चौथ्या मजल्यावरचा जुळ्या पोरांचा बाप म्हणाला, “आमचे मी ऑफिसला नेतो.” त्याची बायको त्याच्याकडे बघतच राहिली. “तू तर म्हणालास कमी झालेत!”

यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले, टेलरकाकाही हसले. शिट्टीबाई हसल्या नाहीत. त्या हातातल्या ठिपक्यांच्या कागदाकडे बघत होत्या. हसणं थांबल्यावर त्या बोलल्या, शिट्टी न वाजवता.

“रेघ सगळ्यांना सारखी ओढली, हे माझं चुकलं. आजारी माणसाचं आणि तान्ह्या पोराचं यापुढे वेगळ्या पिशवीत द्यायचं, ते मी मोजणार नाही. आणि ठिपका झाकणाच्या आतून लावू. ज्याचा त्याने बघावा, दुसऱ्याला काय करायचंय?” मग चष्मेवालीकडे वळल्या. “आणि तू. दुसऱ्याच्या पेटीत कचरा टाकायला पुन्हा गेलीस तर मी सोडणार नाही. अडचण होती तर माझ्याकडे यायचं होतंस.”

“बाई, तुमच्याकडे यायचीच तर अडचण होती,” चष्मेवाली म्हणाली.

बाईंनी यावर मान हलवली. राग आला की पटलं, ते कळलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत अंगणातली घाण बरीच आटोक्यात आली. उंदीर गेले असं म्हणता येणार नाही, पण न्हाव्याने काठी दाराआड ठेवून दिली. टेलरकाकांकडे त्याच्या आईसाठी माप आलं. जुळ्यांच्या आईने जुने टॉवेल आणून दिले आणि ती लहान मापाचे शिवून घ्यायला लागली. चिलटं झालेल्या घरांना चष्मेवाली पुठ्ठा फाडून द्यायची. समोरच्या वहिनींच्या क्रेटमधून मात्र वास काही जाईना. त्यांनी शेवटी नाद सोडला आणि सालं चष्मेवालीच्या क्रेटमध्ये आणून टाकायला लागल्या, विचारून आणि कधी न विचारता.

एका दुपारी चष्मेवालीला सुट्टी होती. दार वाजलं म्हणून तिने उघडलं तर शिट्टीबाई. हातात कापडी पिशवी, गळ्यात शिट्टी नाही.

“टेलरकाका आहेत?”

“आहेत ना. या.”

बाई आत आल्या, टेलरकाकांसमोर बसल्या आणि हवापाण्याचं बोलायला लागल्या. बाई कधी हवापाण्याचं बोलायच्या नाहीत. चष्मेवालीला काहीतरी समजलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. पण घर लहान होतं आणि बाईंचा आवाज मैदानात घडलेला.

“जन्मभर पोरींना उड्या मारायला शिकवलं,” बाई म्हणत होत्या. “आता शिंक आली तरी मला पाय आवळून उभं राहावं लागतं. दोन वर्षं झाली. डॉक्टरकडे जायचीसुद्धा लाज वाटली.”

“डॉक्टरकडे जा. व्यायाम देतात त्याला,” टेलरकाका म्हणाले. “तुम्हाला व्यायामाचं मी काय सांगू? तोवर मी शिवतो. तुम्हाला पातळ घडी पुरेल.”

“धुवायचं कसं?”

त्यांनी सांगितलं, गार पाणी, मग गरम.

“आणि वाळत कुठे घालता?”

“गॅलरीत.”

“सगळ्यांना दिसेल असं?”

“बाई, ऊन मागच्या बाजूला येत नाही.”

आत चष्मेवालीने नळ बारीक केला.

“मग मला गडद रंगाच्या शिवा,” बाई म्हणाल्या.

टेलरकाकांनी फडताळ उघडलं, तुकड्यांचं गाठोडं सोडलं आणि निळ्या फ्लॅनेलचा एक तुकडा उजेडात धरून त्यांना दाखवला.